शिरोळच्या अण्णांची मोटार

पेठ वडगावात माझं खताचं दुकान आहे आणि डोक्यात लहानपणापासून मोटारींचं वेड. पन्नाशी उलटल्यावर मी एक जुनी विलायती स्पोर्ट्स कार रेसला उतरवली, हे कळलं की लोक माझ्याकडे कौतुकानं बघतात. ते कौतुक खरं म्हणजे दोन म्हाताऱ्यांचं आहे. मी त्यात जास्त करून चिडचिड केली.

गाडी शिरोळच्या एका अण्णांची, माझ्या दुकानाच्या जुन्या गिऱ्हाइकाची. उसाची शेती, गुळाचा व्यापार आणि तरुणपणी हौसेनं घेतलेली ही दोन माणसांची, बिनटपाची मोटार. पुढं संसार वाढला, दोन सीटांत मावेना, तशी ती शेडमध्ये गेली. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा पुराचं पाणी तिच्यात दोनदा राहून गेलं होतं आणि सीटखालचा गाळ वाळून विटेसारखा झाला होता. अण्णांना काचबिंदू. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेलीही फार दिवस टिकणार नाही. अण्णांनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि एकच अट घातली.

"डोळ्यात उजेड हाय तवर रेसला उतरीव. मला बघायची हाय."

गाडी मी उद्यमनगरातल्या एका वयस्कर मिस्त्रींकडे नेली. मी पहिल्या दिवसापासून हटून बसलो की प्रत्येक भाग मूळचा, विलायतेतून मागवलेलाच हवा. पाण्याचा पंप फुटका निघाला, तेव्हा महिनाभर पार्सलची वाट बघितली. आलं ते दुसऱ्याच मॉडेलचं. मिस्त्री म्हणाले, "मालक, पार्सल येईस्तोवर अण्णांचं डोळं थांबत्यात व्हय?" त्यांनी फुटक्या पंपावरून लाकडाचा साचा केला, शेजारच्या फौंड्रीत नवा पंप ओतून घेतला आणि चौथ्या दिवशी बसवलासुद्धा. मूळ भागांचा हट्ट मी तिथंच सोडला. मग बंपर निघाले, पुढची काच निघाली, गाडी उलटली तर म्हणून डोक्यामागं जाड पाइपची कमान आली, सीटला अंगाभोवती आवळायचे रेसचे पट्टे आले. इंजिनाला मोकळी हवा मिळावी म्हणून कार्बोरेटरवरचे एअर फिल्टर काढून तिथं उघडी नळकांडी बसवली.

तीच आमच्या अंगाशी आली. रेसच्या दिवशी सकाळी मिस्त्रींनी ट्रॅकवर पूजा मांडली. नव्या यंत्राला हळदकुंकू वाहिल्याशिवाय त्यांच्याकडं कुणी बटण दाबत नाही. त्यात मिस्त्रींचं म्हणणं, बॉनेटला कुंकू लावून काय उपयोग, ते इंजिनालाच लागलं पाहिजे. बॉनेट उघडलं, नारळ फुटला आणि वर्कशॉपातल्या सगळ्यांनी लग्नात टाकतात तशा मूठ मूठ अक्षता इंजिनावर टाकल्या. मीही टाकल्या.

गाडी चालू केली, पायडल दाबून सोडलं, तर इंजिन खाली यायलाच तयार नाही. पाय काढला तरी नुसतं किंचाळतंय. रेसला अर्धा तास उरलेला. तिकडं वळणाजवळच्या कठड्याशी अण्णा आपल्या मुलाचा हात धरून येऊन उभेही राहिले होते. मी मिस्त्रींवर असा ओरडलो की शेजारच्या तंबूतली माणसं बघायला आली. नाही नाही ते बोललो. त्यांनी पाना उचलला. कार्बोरेटर सोडला, आतली झडप अंगठ्यानं फिरवली आणि तिच्या कडेला अडकलेला, कुंकवानं लाल झालेला तांदळाचा दाणा चिमट्यानं बाहेर काढला. तो झडप मिटूच देत नव्हता.

"मालक," ते म्हणाले, "ह्यो तुमच्या हातचा बी असंल की."

मला हसू आलं आणि लाजही वाटली. त्यांनी दाणा न दाणा वेचला, सगळं पुसून परत बसवलं. आम्ही रांगेत अगदी शेवटी लागलो.

दुसऱ्या फेरीत मी दोघांना मागं टाकलं. अण्णांचं वळण आलं तसा मुद्दाम पाय काढला. अंधुक नजरेला नुसता रंगाचा पट्टा सरकलेला दिसला तर काय उपयोग, असं मला वाटलं. हळू गेलो. ते दोघं झपकन पुढं निघून गेले. माझ्यासारख्याला ते किती झोंबलं, विचारू नका. अण्णांनी काठी उगारलेली तेवढी दिसली. पुढच्या फेरीला परत पाय काढायला गेलो, तर ते कठड्यावरून अर्धे बाहेर वाकून काठीनं मला पुढं दामटत होते. मग मी पाय दाबूनच धरला. गाडी मागून घसरत, बोंबलत त्या वळणावरून गेली आणि उरलेल्या फेऱ्यांतही तशीच गेली.

मी शेवटून दुसरा आलो. मुलाच्या हाताला धरून अण्णा आले. मला वाटलं, पाठ थोपटतील.

"मला दिसावी म्हणून हळू घेतलीस व्हय रं?" ते कडाडले. "शेडात तीस वर्सं उभीच बघितली की तिला!"

मी मान खाली घातली. तसंच विचारलं, "मग नंतर दिसली का?"

"दिसली की," अण्णा म्हणाले आणि त्यांनी काठी वळणाकडं फिरवली. "डोळ्यासमोरनं निघून गेली बघ."

मी त्यांच्या पाया पडलो. मग मिस्त्रींच्याही पाया पडायला वाकलो, तर त्यांनी शिवी घालून मला उठवलं आणि तेलकट हातांनी घट्ट मिठी मारली.