मूठवाले काका

खाणीवर त्यांना सगळे मूठवाले काका म्हणत. तिथलं सोनं चिकणमातीत दडलेलं, डोळ्यांना कधी न दिसणारं. ती माती तशीच ढिगावर टाकली तर वरून फवारलेलं, सोनं विरघळवणारं सायनाइडचं पाणी खाली झिरपत नाही, वरच तळं करून बसतं. म्हणून काका चुना-सिमेंट घालून मोठ्या ड्रममध्ये तिच्या गोळ्या वळत, त्या मुरू देत आणि ढिगावर चढवण्याआधी चार-दोन उचलून मुठीत दाबत. गोळी फुटली नाही तरच ढीग रचायचा. त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

पण माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढायला दुसऱ्याची शिडी लागतेच असं नाही. त्या सकाळी काकांना वाटलं, इतकी वर्षं झाली, आता नुसत्या नजरेला कळतं. हात कशाला बरबटवायचे? लांबूनच म्हणाले, "पक्की आहे. चढवा."

गोळ्या आत कच्च्याच होत्या. ढिगाचा चिखल झाला, वर विषारी पाणी साचलं आणि ते प्यायलेली पाखरं काठावर मरून पडली. ढिगावरचे फवारे सांभाळायची काकांची सून. पाणी जास्त सोडलं असा आळ मुकादमानं तिच्यावर घेतला आणि तिला घरी बसवलं. काका शेजारीच उभे होते. ते खाली बघत ड्रमकडे वळले.

घरी सुनेनं चहा पुढे ठेवला. "बाबा, गोळी पक्की होती म्हणजे माझंच चुकलं असणार. माझ्यामुळे तुम्हाला खाली बघावं लागलं."

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांदेखत मुकादमाला सांगितलं, "तिची चूक नाही. मी गोळी हातातसुद्धा घेतली नव्हती."

मुकादम हसला. "काका, सुनेसाठी जीव तुटतो, कळतं मला. पण तुम्ही आणि न दाबता चढवणार? कुणाला सांगताय!"

काकांनी शपथ घेतली, आवाज चढवला. जितकं ओरडावं तितका लोकांचा आदर वाढत गेला. सासरा असावा तर असा, कुणीतरी म्हणालं. सून काही कामावर परत आली नाही.

बातमी त्यांच्याआधी घरी पोचली होती. "माझ्यासाठी एवढं खोटं बोललात, बाबा?" तिचे डोळे भरून आले होते.

"अगं, खोटं नाही, खरंच मी—"

"असू द्या हो," म्हणत ती अंगणात गेली. शेजारणीला ती सासऱ्याचं कौतुक सांगू लागली, आणि आत बसलेल्या काकांना शब्द न् शब्द ऐकू येत होता.