कॉम्प्युटर मधीच थांबायलाय!

दुरुस्तीच्या दुकानात माणूस नुसता कॉम्प्युटर घेऊन येत नाही. येताना घरातलं अर्धं वातावरण सोबत आणतो. जिंतूरला बसस्टँडजवळ मी आणि माझा पार्टनर शकील, आमचं छोटं दुकान आहे. नव्या कॉम्प्युटरला लोक मोठ्या शहरात जातात, बिघडलेला मात्र आमच्याकडं येतो. त्यातही सगळ्यात जास्त येते ती एकच तक्रार, "भाऊ, चालू असतोय आन् मधीच थांबायलाय!" का थांबतो, कधी थांबतो, काही सांगता येत नाही. मग आम्ही घरी जातो, चहा पितो, पेच खोलतो. कॉम्प्युटर दुरुस्त होतो, जातो. किस्सा मात्र आमच्याकडंच राहतो. असे लय साचलेत. त्यातले थोडे सांगतो.

* * *

बापूराव जवळच्याच एका खेड्यातले. त्यांच्या लेकानं कॉलेजसाठी कॉम्प्युटर घेतला होता. घेतला तेव्हा बरा चालला. दिवाळीनंतर मात्र दिवसातून कितीदा हँग व्हायचा, त्याला गणतीच नाही.

आम्ही गेलो. बैठकीत पाय ठेवला आणि थांबलोच! छतापर्यंत कापूस. भाव वाढेल म्हणून घरातच साठवलेला. कापसाच्या डोंगराला टेकून टेबल आणि टेबलावर कॉम्प्युटर.

शकीलनं कॅबिनेट उघडलं. आतला पंखा दिसतच नव्हता. तिथं नुसता पांढरा गोळा! पंखा फिरेना, म्हणून आतला माल तापायचा आणि कॉम्प्युटर जाग्यावर थिजायचा. शकीलनं चिमट्यानं कापूस ओढायला सुरुवात केली. ओढतोय, ओढतोय, संपतच नाही.

"बापूराव," शकील म्हणाला, "यातनं एक उशी निघंल!"

बापूरावांनी तो पुंजका हातात घेतला. बोटांनी हळूच ताणला. उजेडात धरून नीट बघितला आणि समाधानानं म्हणाले,

"माल एक नंबर हाय! धागा बघा की केवढा लांब!"

* * *

एका वहिनींच्या घरचा कॉम्प्युटरही असाच. तिथं कापूस नव्हता, पण वहिनींना शिवणाची हौस. टीव्हीला कव्हर, फ्रीजला कव्हर, मिक्सरलासुद्धा कव्हर. कॉम्प्युटरला तर जाड गोधडीचं, झालर लावलेलं.

"वहिनी, हे कव्हर कॉम्प्युटर चालू असताना काढता ना?"

"न्हाई ओ. थंडीचे दिवस हायेत, असू द्या म्हनलं."

मी त्यांना समजावून सांगितलं. कॉम्प्युटरला थंडी वाजत नाही, उलट त्याला गरम होतं, गरम झालं की तो थांबतो. वहिनींना पटलं.

"आस्सं! उन्हाळ्यात मंग मी बरोबर करते म्हणायचं."

"उन्हाळ्यात काढून ठेवता?"

"न्हाई. ओलं करून टाकते!"

शकीलनं हातातला चहा खाली ठेवला आणि आधी जाऊन मेन स्विच बंद केला.

* * *

देवगाव फाट्यावर एकाचं चहाचं हॉटेल आहे. त्याच्या घरचा कॉम्प्युटर आमच्या दुकानात दिवसभर सुरळीत चालायचा. घरी नेला की संध्याकाळच्या आत हँग. पुन्हा आणायचा, पुन्हा न्यायचा. तो वैतागून म्हणाला, "तुमच्याकडं आला की लेकराच्यावानी शाना होतोय. मला बघितलं की नाटकं करायलाय!"

शेवटी घरी जाऊन बघितलं. पाण्याची मोटार आणि कॉम्प्युटर एकाच बोर्डावर. मोटार सुरू झाली की दिवे मंदावायचे, विजेला झटका बसायचा आणि कॉम्प्युटर जागेवरच थांबायचा. मी सांगितलं, "मोटारीसाठी वेगळी लाइन ओढून घ्या. तोवर दोन्ही एकदम चालू करू नका."

काही दिवसांनी त्याच्याच हॉटेलात चहाला थांबलो. विचारलं, "काय म्हणतोय कॉम्प्युटर?"

"लय मस्त! एकदाबी हँग झाला न्हाई."

"लाइन ओढली वाटतं वेगळी?"

"न्हाई. मोटारच लावत न्हाई आता. घरच्यांनी आंघोळी सोडल्या!"

* * *

येलदरीचा किस्सा मात्र असा, की त्या दिवशी मला खरोखर घाम फुटला होता.

तिथल्या सविता नावाच्या मुलीची ऑनलाइन मुलाखत होती. वडील धरणात मासेमारी करणारे. पोरगी शिकलेली, हुशार. नोकरी मिळाली तर घरातली पहिलीच. सकाळी तिचा फोन आला. रडायचीच बाकी होती.

"दादा, सारखा थिजायलाय ओ. आन् तासाभरात मुलाखत हाय!"

मी गाडी काढली. पोचलो तेव्हा मुलाखतीला थोडाच अवधी उरला होता. कॅबिनेट उघडलं. हार्ड डिस्कची वायर खोबणीत ढिली झाली होती. दाबून धरली की कॉम्प्युटर चालतो, हात काढला की हँग. माझ्या पिशवीत दुसरी वायर नाही. जिंतूरला जाऊन यायला वेळ नाही. चिकटपट्टी लावून बघितली, टिकेना.

सविताचे वडील दारात उभे होते. जाळी विणणारा माणूस, पण हात कुठं ठेवावा ते त्यांना सुचत नव्हतं. ते नुसतं एवढंच म्हणाले, "बघा ना काही तरी."

शेवटी मी टेबलाखाली शिरलो. कॅबिनेटमध्ये हात घातला, वायर बोटानं दाबून धरली आणि म्हणालो, "सविता, तू बोल. मी हलत न्हाई."

मुलाखत सुरू झाली. पोरगी सुरेख उत्तरं देत होती. इकडं माझ्या हाताला मुंग्या. पाय आखडला म्हणून तिच्या खुर्चीमागं जरासा लांब केला, तर पलीकडून आवाज आला,

"मॅडम, तुमच्या मागं कुणाचा तरी पाय दिसतोय. खोलीत दुसरं कुणी आहे का?"

आता कॉपीचा संशय घेतात की काय! सविता सरळ म्हणाली, "हो सर. मेकॅनिक आहेत. कॉम्प्युटर सारखा थांबतो, म्हणून टेबलाखाली वायर धरून बसलेत."

पलीकडून मोठ्यानं हसण्याचा आवाज. साहेब म्हणाले,

"त्यांना म्हणावं, एकच प्रश्न राहिलाय. तेवढी धरून ठेवा!"

नोकरी मिळाली तिला. पेढे द्यायला वडील स्वतः दुकानात आले होते.

* * *

आता आमच्या जिंतूरचेच काका. सरकारी नोकरीतून रिटायर झालेले. घरी ते आणि काकू, दोघंच. रिटायर झाल्यापासून काकांना कॉम्प्युटरवर पत्ते खेळायचा नाद लागला. सकाळी बसले की उठायचं नावच नाही. शुगर वाढली, पाय सुजायला लागले. डॉक्टर रागावले, "हिंडा-फिरा, नाहीतर अवघड होईल." काका हो म्हणायचे आणि पुन्हा पत्ते मांडायचे.

आणि मग त्यांचा कॉम्प्युटर हँग व्हायला लागला. बाण हलायचा नाही, कीबोर्ड चालायचा नाही. कधी सकाळी, कधी जेवणाआधी, कधी चार वाजता. काका फोन करायचे, आम्ही पोचेपर्यंत सगळं ठीक! रॅम बदलून झाली, पॉवर सप्लाय बदलून झाला. पुन्हा काकांचा फोन, "अरे, थांबला बघ!"

एके दिवशी मी ठरवलंच, हँग होईपर्यंत इथनं उठायचं नाही. दारामागच्या खुर्चीत बसलो. काका पत्ते खेळतायत. काकू भाजीची टोपली घेऊन टेबलामागून गेल्या. जाता जाता हात कॉम्प्युटरच्या पाठीमागं गेला. वायरलेस माऊस आणि कीबोर्डचं ते इवलंसं खुट्टं, जे मागं खोचलेलं असतं, ते हलकेच निघालं आणि पदराच्या गाठीत गेलं.

"अगं, पुन्हा हँग झाला!" काका.

"असू द्या. तापला असंल. चला, तवर एक चक्कर मारून येऊ."

तेवढ्यात काकूंचं लक्ष माझ्याकडं गेलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. काका चप्पल शोधायला बाहेर गेले, तेव्हा हळू आवाजात म्हणाल्या, "दुसऱ्या कशानंच उठत न्हाईत रे. आता डॉक्टर म्हणले, शुगर खाली आलीय. सांगू नको."

मी मान हलवली. पण बाहेर आल्यावर मनाला पटेना. काकू कुलूप लावत होत्या, काका फाटकापाशी उभे होते. मी जवळ जाऊन म्हणालो, "काका, तुमच्या कॉम्प्युटरचं..."

"ते खुट्टं तिच्या पदरात असतंय, हेच ना?" काका काकूंकडंच बघत, हळूच म्हणाले. "मला पयल्या दिवसापासून म्हायती हाय."

"मग आमाला कशाला बोलावता ओ सारखं?"

"अरे, न्हाई बोलावलं, तर तिला संशय येईल ना!"