हिरामावशीचा फिक्स रेट

काय मेलं तोंड घेऊन सांगू! पण विचारलंच आहे तर ऐका. आधी तो चहा तेवढा संपवा, नाहीतर हसताना ठसका लागेल आणि खापर माझ्यावर फुटेल.

मी तेव्हा पनवेलच्या एका ज्युनिअर कॉलेजात कॉमर्स शिकवायचे. आणि मला एक खोड. शब्द चुकीचा वापरलेला दिसला की डोकंच फिरतं. त्यातून 'फिक्स रेट'वर तर माझा खास राग! कापडवाला पाठीमागे ही भली मोठी पाटी लावतो, आणि गिऱ्हाईक उठायला लागलं की हळूच म्हणतो, "बसा हो वहिनी, तुमच्यासाठी बघू काहीतरी." स्टँडवरचा रिक्षावाला आधी तुमच्या बॅगांकडे बघतो आणि मग फिक्स रेट सांगतो. कर्जाचा फिक्स रेट तर बँकेचं पुढचं पत्र येईपर्यंतच फिक्स! अरे, हे काय फिक्स झालं? फिक्स म्हणजे एक माल, एक भाव, सगळ्यांना सारखा. हे मी वर्गात टेबल आपटून सांगायचे.

आता हिरामावशी. उरणकडची कोळीण. वीस वर्षं डोक्यावर टोपली घेऊन आमच्या बिल्डिंगमध्ये सुकी मासळी विकायला यायची. सुकट, बोंबील, सोडे. तिच्याशी घासाघीस केल्याशिवाय माझा रविवार रविवार वाटायचा नाही. ती म्हणायची शंभर, मी म्हणायचे पन्नास. ती टोपली उचलायची, मी दार लावायचे. मग ती जिन्यातून परत, मी दारात परत! सौदा ठरला की मूठभर माल वर टाकून म्हणायची, "घे, रडू नको."

पण तिचे गुडघे गेले. डॉक्टरांनी टोपली बंद केली. लेक म्हणाली, माझ्याकडे येऊन राहा. "जावयाच्या दारात बसून नाय खायची गो मी," मावशी म्हणाली, आणि हातातल्या बांगड्या मोडून तिने मार्केटजवळ छोटासा गाळा भाड्याने घेतला. तो चालला तर ठीक, नाहीतर जावयाचं दार होतंच.

"बाय, तू शिकलेली हायस. पाटीवर काय लिवू ता सांग."

झालं! चढले मी हरभऱ्याच्या झाडावर. तेव्हा फ्लेक्सचं नवीनच फॅड होतं. मी माझ्या खर्चाने बोर्ड करून आणला: 'हिराबाई सुकी मासळी. फिक्स रेट.' वर तासभर लेक्चर दिलं. वाटे लावायचे नाहीत, काट्यावर मोजायचं. भाव कमी करायचा नाही. वर मूठ टाकायची नाही.

"मूठ बी नाय?" मावशीचा चेहराच पडला.

"मूठ टाकलीस की भाव बदलला ना! मग फिक्स कसलं?"

"आनि ओळखीचं कोनी आलं तर?"

"सगळे सारखे. अगदी मी आले तरी!"

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा हं.

माझ्या उभ्या नोकरीत इतकी गुणी विद्यार्थिनी मला मिळाली नाही, आणि तिथेच घोळ झाला. एका बाईने पाव किलो बोंबील मागितले. काटा जरासा पुढे गेला. मावशीने काय करावं? एक बोंबील उचलला, कटकन मोडला आणि अर्धा परत ठेवला! दुपारपर्यंत बाजारभर झालं, म्हातारी बोंबील मोडून देते. मग खुद्द तिची विहीण आली. भाव ऐकून सवयीने म्हणाली, "जरा बघा की." मावशीने बोट वर करून बोर्ड दाखवला. विहीणबाई रिकामी पिशवी झटकून तरातरा निघून गेल्या. संध्याकाळी लेकीचा फोन. "आये, माज्या सासूला बोर्ड दाखवलास?"

म्हणजे बघा, गाळा चालेना, आणि जावयाचं दारही आता बंद व्हायला आलेलं!

मला यातलं काही म्हणजे काही ठाऊक नाही. मी पेपर तपासत घरात बसलेली. महिन्याने शाबासकी घ्यायला म्हणून ऐटीत गेले. मावशी एकटीच पुठ्ठ्याने माशा हाकत होती. बोर्ड मात्र पुसून लख्ख.

"काय मावशी, कसं चाललंय?"

"बोर्ड लय चांगला हाय गो. आता कोनी भांडत नाय." पुठ्ठा फिरवत म्हणाली, "कोनी येतच नाय. सकालपासून भवानी बी नाय."

इतकं वाईट वाटलं हो मला! तिचं दुकान मी बुडवत होते, आणि तेही शब्द अगदी बरोबर वापरून! म्हटलं, निदान भवानी तरी आपल्या हातून होऊ दे.

"पाव किलो सोडे दे."

"दीडशे."

देवाशपथ सांगते, मी ठरवून नाही बोलले. तोंडातून निघूनच गेलं. "दीडशे? सोन्याचे आहेत काय सोडे? शंभरला दे!"

मावशीने बोर्डाकडे बघितलं. मग माझ्याकडे. आणि महिन्याभराने तिने पदर खोचला.

"शंभरात नुसता वास घे!"

"वास येतोय म्हणूनच कमी मागतेय!"

"जा मग मॉलात! पिलास्टिकात गुंडालून देतील! चल, शेवटचं एकशेवीस!"

आवाज मार्केटच्या टोकापर्यंत. दोन बायका थांबल्या, मग चार. त्यातली एक पुढे घुसली. "मावशे, मॅडमला एकशेवीस बोललीस ना? मग आमी काय घोडं मारलंय?" बघता बघता गाळ्यासमोर अशी भांडणं जुंपली की मला कोपराने बाजूला सारलं. माझे सोडे राहिलेच. मावशी दोन्ही हातांनी मुठी टाकत होती. पुढे विहीणबाईही आल्या, भांडल्या आणि दोन किलो सुकट घेऊन हसत गेल्या.

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेले. बोर्ड गायब, गर्दी ही!

"पाव किलो सोडे."

"दीडशे."

"शंभर."

मावशीने गोणपाटाखालून घडी घातलेला बोर्ड काढला आणि माझ्यासमोर उघडून धरला.

"अगं, आत्ता त्या बाईला एकशेवीसला दिलेस!"

"ता तिचा बोर्ड नाय. तुजा हाय. तूच बोललेलीस, मी आले तरी!"

सगळ्या बायका खो खो हसल्या. मी मुकाट्याने दीडशे काढले. मावशीने पुडी बांधता बांधता थांबून मूठभर सोडे वर टाकले. "घे, रडू नको."

सबंध पनवेलमध्ये 'फिक्स' या शब्दाचा अचूक अर्थ अजूनही एकच दुकान पाळतं, आणि तोही एकाच गिऱ्हाइकापुरता!