मामांची ऐकणारी मंडळी

देव एकच आहे हे पटवून देण्यासाठी दुसऱ्यांचे इतके रविवार खर्ची घालणारा माणूस आमच्या मामांखेरीज भूतलावर झाला नसेल. हे माझ्या बायकोचे मामा. वडवणीत त्यांचं भांड्यांचं दुकान आहे, आणि लग्नानंतर मी नेमकी याच गावात बदली मागून घेतली. तरुणपणी पुण्यात कुठल्याशा एकेश्वरी मंडळींची उपासना त्यांनी पाहिली आणि परत येऊन दुकानामागच्या गोदामात स्वतःची मंडळी काढली. तिथं मूर्ती नाही, धूप नाही, कुणाला जात विचारायची नाही. घरचे म्हणाले, "गळ्यात लिंग हाय, मंग ह्ये कावून?" मामा म्हणाले, "त्यो एकच हाय, म्हणून."

दर रविवारी सकाळी हंड्या-कळशांच्या उतरंडींमध्ये आम्ही पंधरावीस माणसं सतरंजीवर बसतो. मामा कुठल्या तरी धर्मग्रंथातला उतारा वाचतात, मग त्याचा अर्थ सांगतात, आणि मग त्या अर्थाचा अर्थ. आठवडाभराच्या कचेरीनं मी थकलेला असतो, माझा डोळा लागतो. एकदा माझ्या घोरण्याला त्यांनी 'जावईबापूंचं ध्यान' म्हणून साऱ्या मंडळींपुढं नावाजलं. तेव्हापासून तिथं धड झोपही लागत नाही.

खरी उपासना त्यानंतर. ज्याला आठवड्याचं सुख किंवा दुःख सांगायचं असेल त्यानं सांगायचं आणि बाकीच्यांनी नुसतं ऐकायचं. सल्ला द्यायचा नाही! आता आमच्याकडं रस्त्यात ठेच लागली तरी चौघं चार औषधं सांगतात. रफिकभाई शिंप्यांनी पाठ धरल्याचं सांगताच एकानं एरंडाच्या पानाचा शेक सांगायला सुरुवात केली. मामांनी पळीनं परात बडवली. "सल्ला न्हाई! माणूस बोलायलाय, ऐक की बे!" बडवून बडवून त्या परातीला इतके पोचे आलेत की मोडीतसुद्धा कुणी घेणार नाही.

यंदा मात्र परात वाजेनाशी झाली आणि सल्ले बिनबोभाट सुरू झाले. मामा मवाळ झाले असं आम्हाला वाटलं. मग एका रविवारी रफिकभाईंनी बहीण गेल्याचं सांगितलं आणि मामा प्रसन्न हसून मान डोलवत राहिले. रफिकभाई खाली बसले. मला शंका आली. चहाच्या वेळी मी मामांच्या कानाशी तोंड नेऊन बहीण गेल्याचं ओरडून सांगितलं, तेव्हा त्यांनी बशी तशीच खाली ठेवली.

पुढच्या रविवारी उतारा नव्हता. मामांनी रफिकभाईंपुढं हात जोडले. म्हणाले, "आज माझं दुःख सांगतो. मला ऐकू येत न्हाई. कानाला मशीन लावून बगितलं, निसता भोंगा वाजतो. इतके दिस लपवून ठिवलं. ज्याला ऐकू येत न्हाई त्यानं ऐकायची मंडळी कशाला चालवावी? आजपस्तोर लई झालं. आता बंद."

मग लसणाचं तेल, बीडचा डॉक्टर, कुणाला तरी गुण दिलेला वैद्य असा एकच गलका उठला. मामांना त्यातलं काही ऐकू गेलं नाही हे बरंच झालं. रविवार मोकळा मिळावा म्हणून मी किती तळमळलो होतो! आता तो मिळत होता, तर मला एकदम पोरकं वाटायला लागलं.

तेवढ्यात शांताबाई उठल्या. या तेलगावहून एसटीनं येतात, भिंतीला टेकून बसतात, आणि आजवर एक अक्षर बोलल्या नव्हत्या. त्या पुढं येऊन मामांसमोर बसल्या, डोक्यावरचा पदर थोडा मागं सारला.

"मामा, माज्या तोंडाकडं बगा. मी सावकाश बोलते. लेक-सून उसाच्या तोडीला गेल्यात. नातूबी संगं नेला. घरात करमंना."

मामांना कळलं नाही. शांताबाईंनी पुन्हा सांगितलं. मामा वाकून ओठांकडं बघत राहिले, आणि या खेपेला कुणी मधे तोंड घातलं नाही. परत सांगता सांगता शांताबाईंना रडू फुटलं. ते मात्र मामांना लगेच कळलं.

त्यांनी सतरंजीची पुढची कड हातानं सारखी केली. मग म्हणाले, "फुडच्या ऐतवारी म्होरंच बसा, बाई. हितं उजेड हाय."