लाखोळीचा शिधा

टोळीत पहिली काठी आली ती गणपतीच्या सुमारास. आमच्यातल्या एका गड्याचे पाय गुडघ्यांत आखडले, टाचा जमिनीला टेकेनात. तो चवड्यांवर, गुडघे एकमेकांना घासत चालायचा. नवरात्रापर्यंत अशा चार काठ्या झाल्या. पाचवी माझ्या थोरल्या भावाची.

आम्ही वैनगंगेकाठचे. एकोणीसशे तिसाच्या आगेमागे आमच्याकडे रस्ते बांधणाऱ्या कंत्राटदाराला खेडहून दापोलीकडे जाणाऱ्या रस्त्याचं काम मिळालं आणि त्यानं भरवशाची म्हणून आमचीच टोळी बरोबर आणली. आगगाडीनं मुंबई, आगबोटीनं दाभोळ, तिथून मचव्यातून खाडीनं खेड. दादा खडी फोडायचा. माझी शाळा चौथीतच सुटली होती, पण अक्षर बरं होतं म्हणून हजेरी माझ्याकडे. बरोबर लाखोळीची, आमच्याकडच्या स्वस्त कडधान्याची, पोती आली होती. डाळ लाखोळीची, भाकरही लाखोळीच्याच पिठाची. मागणी आमचीच होती. भातानं पोट भरत नाही, भात खाऊन घण उचलत नाही, असं टोळीतल्या सगळ्यांचं मत. पावसामुळे काम निम्मंच चालू राहिलं तेव्हा शिध्यातले थोडे तांदूळही बंद झाले, नुसती लाखोळी उरली. कुणी तक्रार केली नाही.

हत्यारं ठेवायला कंत्राटदारानं एका घराची पडवी घेतली होती. राखणीला मी तिथेच झोपायचो. घरधनी मुंबईला गिरणीत. त्याची बायको, तिला मी काकी म्हणायचो, दोन मुलं घेऊन शेत सांभाळायची. नवऱ्याची पत्रं मी वाचून दाखवायचो, उत्तरं लिहायचो. त्याबदल्यात सकाळी पेज, दुपारी भात आणि असेल ते कालवण. तिनं मला परका म्हणून कधी वेगळं वाढलं नाही. त्या अन्नाची आठवण आजही मनात आहे. माझा शिधा मात्र शिल्लक राहायला लागला. तो मी दादाला देत होतो. त्याचं काम अंगमेहनतीचं, माझं बसून.

दादाचा पाय धरला तशी मला झोप लागेना. संध्याकाळी तो ओढ्यावरून परत येताना मी त्याच्या टाचांकडे बघत बसायचो. काल टेकत होत्या, आज टेकतात का.

“काय झाला रे तुझ्या भावाला?” काकीनं विचारलं. “रस्ता खणलात, जागेच्या राखणदाराला नारळ दिलात काय?”

नारळ दिला. काही फरक पडला नाही. कंत्राटदार म्हणाला, ही समुद्राकडची ओल आहे, मानवत नाही तुम्हाला. दादाचं निदान तिसरंच.

“मदी चार दिवस तुह्या काकीचा भात खाल्ला नं, त्यानंच पाय जड झाले,” तो म्हणाला. “आता दोन भाकरी जास्त खातो. होते बरोबर.”

मी त्याला आणखी शिधा नेऊन दिला.

शेवटी खेडच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर कमी बोलणारे. त्यांनी आजारी गड्यांची चौकशी थोडकीच केली. म्हणाले, “ज्यांना झालंय त्यांचं राहू दे. ज्यांना झालं नाही ते काय खातात, ते विचारून ये.”

मला हा प्रश्न उलटाच वाटला. पण हजेरी घ्यायची सवय होती, तशीच घेतली. याच रस्त्यावर पुढे घाटावरच्या माणसांची दुसरी टोळी होती. तीही आमच्यासारखीच परकी, त्याच ओलीत झोपणारी, तेच पाणी पिणारी. ते बाजरी खायचे. त्यांच्यात एकही काठी नव्हती. गावात काठ्या होत्या त्या म्हाताऱ्यांच्या. आमच्याच टोळीतल्या बायका भात कांडायला घरोघर जायच्या आणि मजुरीत कण्या आणायच्या. आधी पुरुषांना भाकरी वाढून स्वतः कण्यांवर भागवायच्या. त्या ठणठणीत.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं. “आणि तू?”

“पेज. भात.”

“तुझ्या वाट्याची लाखोळी?”

“दादाला देतो.”

त्यांनी दौतीत टाक बुडवला, पण लिहिलं काहीच नाही. “आजपासून देऊ नकोस. त्यालाही बंद कर. झालं तेवढं जाणार नाही, पण खात राहिला तर दुसरी काठी लागेल. त्यानंतर जमिनीवर सरपटणं.”

परतीच्या वाटेवर मला आमचं गाव आठवत होतं. आमचा चुलता चवड्यांवर चालायचा. शेजारचा कोष्टीही. पारावर बसलेल्यांत दोन-तीन काठ्या कायम असायच्या. त्यांना कुणी आजारी म्हणत नसे. माणूस थकला की पाय जातात, असं आम्ही लहानपणापासून धरून चाललो होतो, आणि चुलता तर तेव्हा चाळिशीचाही नव्हता. लाखोळी न खाणाऱ्यांच्या गावात आलो नसतो तर मलाही काही वेगळं दिसलं नसतं.

दादाला सांगितलं. तो हसला.

“आज्यानं खाल्ली, बापानं खाल्ली. तो डाक्तर का आपल्या गावचा हाय? चौथी शिकला अन् शायना झाला बे तू.”

टोळीतले बाकीचेही हसले. वाद घालायची माझी ताकद नव्हती. मी त्याच्याशेजारी बसलो, त्याच्या ताटातली भाकर उचलली आणि म्हणालो, “मग मी बी खातो. उद्यापासून काकीकडे जेवत नाही. दोघांच्या काठ्या एकदमच तोडून आणू.”

पहिला घास मी चावला. दुसरा तोंडाशी नेला तेव्हा त्यानं माझ्या हातावर फटका मारला. भाकर चुलीजवळ राखेत पडली. त्यानं ती काठीनं चुलीत सारली. मग म्हणाला, “तुह्या काकीले विचार, मले पुरते का तिची पेज.”

काकीनं विचारायला लावलं नाही, दुसऱ्या सकाळी त्याच्यापुढेही पेजेचा वाडगा ठेवला. त्यानं वाडग्यात बघून तोंड वाकडं केलं. “हे तं पानीच हाय.”

“पानी नाय, पेज हाय. मुकाट्यान पी, मेल्या.”

टोळीतल्या दोघांनी त्याचं पाहून लाखोळी सोडली. बाकीच्यांनी नाही. मीही आग्रह धरला नाही, ही गोष्ट खरी आहे.

थंडी सरताना दादाला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी त्याला दारापासून टेबलापर्यंत चालायला लावलं. दोनदा.

“होता तेवढाच आहे,” ते म्हणाले.

“म्हंजे बरा नाही होनार?”

“नाही. वाढणारही नाही.”

दादानं त्यांना हात जोडले. बाहेर आल्यावर मला म्हणाला, “तू पुढं चाल. मागून टाचा पायत रायतेस, चालाले नाही जमत मले.”

मी पुढे झालो. जगबुडी नदीच्या काठापर्यंत मागे वळून पाहिलं नाही. त्याची काठी मागून वाजत होती, दर दोन पावलांना एकदा.