पळीमावशी आणि लाल दिवा

पळीमावशीच्या हातची पळी कधी सपाट भरली नाही. शाळेच्या जेवणघरात तिने बावीस वर्षं वाढलं, आणि एकही पोर "अजून अर्धी पळी घे, वारा आला तर उडून जाशील" हे ऐकल्याशिवाय पुढे सरकलं नाही. मुख्याध्यापकांचीही यातून सुटका नव्हती. तिचं खरं नाव फक्त पगारपत्रकाला ठाऊक. बाई फटकळ, पण मनात काही ठेवायची नाही. ठेवलंच तर मात्र कायमचं ठेवायची.

आणि असं ठेवण्याजोगं तिला मिळालं ते कार्डामुळे.

पालिकेने पाच-सहा वर्षांपूर्वी एक कार्ड काढलं होतं. बसमध्ये तेच, वाचनालयात तेच, पोहायच्या तलावावर तेच, दवाखान्यात तेच, आणि आता शाळेत जेवायलाही तेच. मशीनला कार्ड लावायचं. हिरवा दिवा लागला तर ताट घ्यायचं, लाल लागला तर घरी जायचं. ही सगळी अक्कल ज्याची, त्याला सगळे कार्डसाहेब म्हणत. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात स्वतःचं कार्ड लटकवलेलं, आणि तोंडात एकच वाक्य: "अपवाद केला की व्यवस्था कोसळते."

शाळेत मशीन बसलं त्या पहिल्या दिवशी साहेब जातीने त्याच्याशेजारी उभा राहिला. साठ-सत्तर पोरं हिरव्या दिव्यावर पार झाली आणि मग आली पळीमावशीची नात. तिच्या लेकीची लेक, आठ वर्षांची, चष्मेवाली. ताट आधीच भरून हातात होतं, कारण आजीच वाढत होती. नातीने कार्ड लावलं आणि दिवा लाल झाला.

"असू दे, जा तू, बस," मावशी म्हणाली.

"थांबा," साहेब म्हणाला. त्याने पोरीच्या हातातलं ताट घेतलं, कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्यापाशी गेला आणि भात, भाजी, उकडलेलं अंडं, सगळं ओतून दिलं. मग रिकामं ताट तिच्या हातात परत ठेवलं. वर म्हणतो कसा, "आत्ताच कडक राहिलं की सवय लागते."

अहो, सवय कसली? भुकेची? मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने पळी टेबलावर अशी आपटली की पातेल्याची झाकणं नाचली, आणि साहेबाला सगळ्या शाळेसमोर नको नको ते सुनावलं. पोरगी रडली नाही. ती फक्त आजूबाजूला कोण कोण बघतंय ते बघत होती आणि मग साहेबाकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत ना राग होता, ना पाणी. हा माणूस नक्की कोण आहे, एवढंच ती शोधत असावी.

त्या दिवसापासून नातीने शाळेत जेवणं सोडलं. कार्डाचं कारण तर चार दिवसांत कळलं: मावशीचा जावई लांबच्या गाडीवर ड्रायव्हर, त्याच्या कार्डावरचा फोटो जुना झाला होता आणि तो बदलून घ्यायचा राहून गेला होता. तो बदलला. नातीच्या कार्डाला हिरवा दिवा लागायला लागला. पण पोरगी काही रांगेत उभी राहीना. "मला भूक नाहीये," म्हणायची. घरी येऊन अधाशासारखी जेवायची, पण शाळेत घास नाही. आईने समजावलं, बाईंनी समजावलं, एकदा तर पोरगी चक्कर येऊन पायरीवर बसली. वाक्य तेच. "मला भूक नाहीये."

एकदा मावशीने तिला मांडीवर घेतलं आणि कानात म्हणाली, "त्या मेल्याचं ताट असंच सगळ्यांसमोर ओतून दाखवलं, तर जेवशील?"

नातीने बराच विचार केला आणि होकाराची मान हलवली.

झालं! मावशीला दुसरं काही नको होतं.

इकडे पळी आपटल्याची शिक्षा म्हणून तिची बदली झाली, आणि कुठे? थेट कार्डाच्या काउंटरवर. साहेबाला वाटलं असेल, बाईला पातेल्यापासून तोडली की जिरेल. मावशीने मात्र काउंटरवर बसून डोळ्यांत तेल घालून सगळं शिकून घेतलं. फोटो कसा काढायचा, कार्ड कसं छापायचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कार्ड मरतं कसं. दर पाच वर्षांनी स्वतः येऊन नवा फोटो द्यायचा. नाही दिला तर कुटुंबप्रमुखाचं कार्ड बंद, आणि त्याच्याबरोबर घरातल्या सगळ्यांचीही बंद. दिवसातून पन्नास वेळा ती लोकांना हे सांगायची: "अहो, तुमचं झोपलं की घरातली सगळी झोपतात. वेळेत या बाबांनो."

कोणाची मुदत संपतेय त्याची यादी दर महिन्याला छापून येई. मशीन लोकांना निरोप पाठवायचं, पण असले निरोप कोण वाचतो? म्हणून मावशी यादी घेऊन एकेकाला फोन करायची. "काका, फोटो द्यायला या. आणि जरा हसा या खेपेला, मागच्या फोटोत तुम्ही उचकी लागल्यासारखे दिसताय." ती काउंटरवर आल्यापासून एकाही घराचं कार्ड बंद पडलं नव्हतं. हे साहेबाला कळलं तेव्हा शाबासकी सोडाच, त्याने लेखी कागद काढला: आठवणीचे फोन करणं हे कार्यालयाचं काम नाही. मावशीने तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि फोन चालूच ठेवले, जेवणाच्या सुट्टीत, स्वतःच्या फोनवरून.

मग एका महिन्याच्या यादीत अकराव्या ओळीला तिला साहेबाचा फोटो दिसला. पाच वर्षांपूर्वीचा, डोक्यावर पुरते केस असलेला. मुदत संपून कार्ड बंद पडायचा दिवस होता गुरुवार. आणि त्याच गुरुवारी शाळेत जेवणघरातल्या मशीनच्या वर्षपूर्तीचा कार्यक्रम! वरच्या कार्यालयातले पाहुणे येणार, पोरांसोबत जेवणार, आणि साहेब त्यांना सगळी व्यवस्था दाखवणार.

मावशीने त्या महिन्यात सत्तावीस फोन केले. अठ्ठाविसावा केला नाही. खोटं बोलली नाही, काही लपवलं नाही, काही बिघडवलं नाही. कार्यालयाचं काम नव्हतं ते केलं नाही, बस्स! ते तीन आठवडे तिला अशी गाढ झोप लागली की लेकीने दोनदा कपाळाला हात लावून बघितला.

गुरुवारी काउंटरचा कॅमेरा आणि छपाईचं मशीन जेवणघरातच मांडायचं ठरलं, पाहुण्यांना कार्ड कसं बनतं ते दिसावं म्हणून. मावशी ठेवणीतले कपडे घालून आली. तिची खुर्ची मशीनच्या बरोबर समोर. नातीला तिने बजावून ठेवलं होतं, "आज खिडकीजवळ उभी राहा. मजा बघ."

साहेब ऑफिसच्या गाडीतून थेट शाळेत उतरला, त्यामुळे सकाळपासून त्याचं कार्ड कुठेच लागलं नव्हतं. पाहुण्यांची आणि त्याची ताटं आधीच वाढून हातात दिली होती. "आधी मुलं जातील, मग आपण," साहेब हसून पाहुण्यांना म्हणाला. मावशी मनात म्हणाली, ये, ये राजा, तुझीच वाट बघतेय.

रांग सरकत होती. हिरवा, हिरवा, हिरवा. मग एक छोटीशी मुलगी आली, पहिलीतली, दोन वेण्यांची, या सहामाहीतच शाळेत आलेली. तिने कार्ड लावलं आणि दिवा लाल झाला.

वाढणारी नवी होती, शिकवल्याप्रमाणे वागली. तिने पोरीचं ताट मागे ओढून घेतलं. पोरगी ताटाकडे बघत नव्हती. आजूबाजूला कोण कोण बघतंय ते बघत होती. हे बघणं मावशीच्या ओळखीचं होतं.

"बाबा!" पोरगी ओरडली, आणि साहेबाने वळून बघितलं.

मावशीने जीभ चावली. घरातली सगळी झोपतात. दिवसातून पन्नास वेळा हेच वाक्य म्हणणारी बाई, आणि अकराव्या ओळीत तिला फक्त एक माणूस दिसला! त्याला घर असेल, पोरगी असेल, हे डोक्यात आलंच नाही. एका क्षणासाठी तिला लाज वाटली, अगदी खरी.

तेवढ्यात साहेब पुढे आला आणि वाढणारीवर खेकसला, "बघतेस काय? वाढ तिला! मशीनची चूक असेल."

मशीनची चूक! माझ्या नातीच्या वेळी व्यवस्था कोसळत होती, आणि याच्या लेकीच्या वेळी मशीन चुकतं? मावशीची लाज कुठच्या कुठे पळाली. ती उठली, नवीच्या हातातून पळी घेतली, पोरीचं ताट भरलं आणि तिला बाकावर बसवून आली. मग साहेबासमोर जाऊन उभी राहिली.

"लेकराचं झालं. आता तुमचं कार्ड लावा, साहेब."

पाहुणे बघत होते. साहेबाला गळ्यातलं कार्ड मशीनला लावावंच लागलं. लाल! त्याने पुसून पुन्हा लावलं. पुन्हा लाल.

"मुदत संपली तुमची," मावशी म्हणाली.

"मग मला फोन का नाही केलात?"

मावशीने पर्समधून घडीचा कागद काढला आणि त्याच्या हातात दिला. "आठवणीचे फोन करणं हे कार्यालयाचं काम नाही. सही तुमचीच आहे." आणि दुसऱ्या हाताने त्याचं ताट घेतलं, कोपऱ्यातल्या त्याच डब्यापर्यंत चालत गेली, आणि भात, भाजी, अंडं, सगळं ओतलं. रिकामं ताट आणून त्याच्या हातात ठेवलं. "कडक राहिलं की सवय लागते, साहेब. फोटोसाठी रांगेत या."

साहेबाच्या तोंडाचा रंग बघण्यासाठी मावशी वर्षभर जगली होती. तिने तो मनसोक्त बघून घेतला. असं गार वाटलं तिला, असं गार वाटलं, काय सांगू!

मग तिला पळी दिसली, अजून हातातच होती. तिने पातेल्यातून भात घेतला आणि बाकावरच्या त्या पोरीपाशी गेली. "घे ग, अजून अर्धी पळी. वारा आला तर उडून जाशील."

पोरगी रिकामं ताट घेऊन उभ्या असलेल्या बापाकडे बघत होती. तिने स्वतःचं भरलेलं ताट हळूच लांब सारलं.

"मला भूक नाहीये," ती म्हणाली.

मावशीने झटकन खिडकीकडे बघितलं. नात तिथेच उभी होती, सांगितलं होतं तशी. साहेबाकडे तिचं लक्षच नव्हतं. ती आजीकडे बघत होती, डोळ्यांत ना राग, ना पाणी, त्या दिवशी साहेबाकडे बघितलं होतं अगदी तसं. मग ती रांगेतून न जाता, ताट न घेता चालत आली आणि त्या पोरीशेजारी बाकावर जाऊन बसली.