नव्या डबीतला लाल ठिपका

मंडळी, बाबांच्या जुन्या स्कूटरसाठी आज डहाणूत स्पार्क प्लग घ्यायला गेलो.

"या मॉडेलचा हा एकच ओरिजनल उरलाय, दादा," दुकानदार म्हणाला.

डबी कोरी करकरीत, पण प्लगला पेट्रोलचा वास! मला शंका आली. उजेडात धरून बघितला, तर खाचेत लाल रंगाचा ठिपका.

आम्ही वरोरचे मच्छीमार. आपल्या जाळ्याच्या तरंगत्या बोया दुसऱ्यांच्यात मिसळू नयेत म्हणून त्यांना रंग लावतो. बाबा तर स्कूटरच्या पार्टलाही तसाच लाल ठिपका लावतात. गेल्या वर्षी याच दुकानात प्लग बदलला, तेव्हा जुना "फेकून देतो" म्हणत यानेच ठेवून घेतला होता.

"हा ठिपका कसला?" मी विचारलं.

"कंपनीचा मार्क आहे."

बाबांची कंपनी आहे हे मला आजच कळलं. तुमचे जुने प्लग तुम्ही कुठे सोडून आलात?